पक्षाघातानंतर घरचं बीपी



अमेरिकेत पक्षाघाताच्या पेशंटला हॉस्पिटलमधून फार लवकर घरी सोडतात. झटका सौम्य असेल तर दोन-तीन दिवसांतच. हातात कागदांचा गठ्ठा असतो. त्यात गोळ्यांची यादी, फिजिओथेरपीच्या तारखा आणि मध्येच कुठेतरी एक ओळ, की रक्तदाब घरी मोजत राहा. ती ओळ वाचायला कुणाला सवड नसते. मुलगा-सून नोकरीवर, नातवंडं शाळेत, आणि घरात दोघंच: झटका आलेले काका आणि त्यांच्याहून जास्त घाबरलेल्या काकू. मी न्यू जर्सीत मेंदूविकाराच्या दवाखान्यात नर्स आहे. एडिसन, पारसिपनी, प्रिन्स्टन या बाजूला मराठी घरं पुष्कळ, त्यामुळे मराठी पेशंटही येतात. पहिल्या भेटीत मी विचारते, "काका, घरी बीपी किती असतं?" उत्तर ठरलेलं असतं: "नॉर्मल असतं." "नॉर्मल म्हणजे किती?" मग काका काकूंकडे बघतात, काकू मुलाकडे बघतात, आणि मुलगा मोबाइलमध्ये हॉस्पिटलचे रिपोर्ट शोधायला लागतो.

आज मला या एकाच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. श्रोत्यांपैकी काहींची मुलं अमेरिकेत असतील, काही जण स्वतः सहा महिने तिकडे आणि सहा महिने इकडे करत असतील, काही जण तिथूनच मोबाइलवर हा कार्यक्रम ऐकत असतील. पक्षाघातानंतरच्या बीपीचा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे.

अमेरिकेत वर्षाला सुमारे ७ लाख ९५ हजार लोकांना पक्षाघात होतो. त्यातल्या जवळजवळ दर चौघांपैकी एकाला तो आधी कधीतरी होऊन गेलेला असतो. म्हणजे दुसरा झटका ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही. तो टाळण्यासाठी करण्यासारख्या गोष्टी अनेक आहेत: सिगारेट सोडणं, साखर आणि कोलेस्टेरॉल सांभाळणं, रक्त पातळ ठेवणारी गोळी न चुकवणं. पण सगळ्यांत जास्त पदरात पडतं ते बीपी उतरवल्यामुळे. २००१ साली 'प्रोग्रेस' नावाची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. पक्षाघात किंवा त्याची चाहूल देणारा छोटा झटका येऊन गेलेले सहा हजारांवर लोक त्यात होते. ज्यांना दोन गोळ्या जोडीने दिल्या, त्यांचं वरचं बीपी सरासरी १२ अंकांनी उतरलं आणि त्यांच्यातलं पक्षाघाताचं प्रमाण ४३ टक्क्यांनी घटलं. बारा अंक ऐकायला किरकोळ वाटतात, पण मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना ते किरकोळ नसतात.

आता हॉस्पिटलमधल्या आकड्यांविषयी. पुष्कळ घरांत गैरसमज इथूनच सुरू होतो. झटका आला त्या दिवशी बीपी १९० होतं, आणि डॉक्टरांनी ते मुद्दाम उतरवलं नाही. घरच्यांच्या मनात बसतं की एवढं बीपी चालतं. वस्तुस्थिती अशी, की गाठीने रक्तवाहिनी बंद होते तेव्हा आजूबाजूचा मेंदू कसाबसा तग धरून असतो आणि वाढलेल्या दाबावरच त्याला थोडंफार रक्त मिळत असतं. म्हणून गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं नसेल तर पहिले एक-दोन दिवस २२०/१२० पर्यंतचं बीपी डॉक्टर बहुधा तसंच राहू देतात. रक्तस्राव होऊन आलेल्या पक्षाघातात मात्र ते लगेच उतरवतात. ही सूट त्या एक-दोन दिवसांपुरती. प्रकृती स्थिर होऊन पेशंट घरी आला की बहुतेकांसाठी उद्दिष्ट १३०/८० च्या खालचं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२१ च्या मार्गदर्शनात हेच सांगितलं आहे. तिथे पोचायचं ते आठवड्याआठवड्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या जुळवत. मानेतली मोठी रक्तवाहिनी फार अरुंद झाली असेल, किंवा उठल्यावर अंधारी येत असेल, तर डॉक्टर वेगळा आकडा ठरवतील. पण तो आकडा कागदावर लिहून मागा. 'कंट्रोलमध्ये ठेवा' एवढ्यावर समाधान मानू नका.

बीपीचं दुखत नाही, खुपत नाही, म्हणून ते चालवून घेण्याची खोड जुनी आहे, आणि ती सामान्य माणसांपुरती कधीच नव्हती. फ्रँकलिन रूझवेल्ट हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. व्हाइट हाउसमधले त्यांचे डॉक्टर नाक-कान-घशाचे तज्ज्ञ होते. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन नावाच्या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासलं तेव्हा बीपी १८६/१०८ होतं आणि हृदय थकलेलं होतं. उपाय काय, तर विश्रांती, कमी मीठ, कमी सिगारेटी आणि हृदयाची एक जुनी गोळी. बीपी उतरवणारं धड औषधच तेव्हा हाती नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जला, चित्रकार बाई समोर बसून त्यांचं चित्र काढत असताना, डोकं मागून भयंकर दुखतंय म्हणून ते कोसळले. बीपी ३००/१९० होतं. त्याच दुपारी ६३ व्या वर्षी ते गेले. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी हृदयरोगाच्या संशोधनासाठी कायदा केला आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या ५,२०९ माणसांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. वाढलेल्या बीपीचा आणि पक्षाघाताचा संबंध आज आपण गृहीत धरतो, तो पक्का करण्यात या गावाचा मोठा वाटा आहे.

याच गोष्टीत आपली मुंबईही आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेच्या मुळीचा बीपीवर होणारा परिणाम मांडला. बॉस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी ती अमेरिकेत वापरून पाहिली. तिच्यातून काढलेलं रेसरपिन हे औषध पुढे जगभर गेलं. एडवर्ड फ्राइस यांनी निवृत्त सैनिकांच्या हॉस्पिटलांमधून १९६७ साली जी चाचणी प्रसिद्ध केली, तिच्या तीन औषधांमध्येही रेसरपिन होतं. त्या चाचणीतल्या पुरुषांचं खालचं बीपीच ११५ किंवा त्याहून जास्त होतं. नुसत्या बिनऔषधी गोळ्या मिळालेल्या ७० जणांपैकी २७ जणांच्या बाबतीत मृत्यू किंवा मोठा आघात नोंदला गेला, खरं औषध मिळालेल्या ७३ जणांपैकी फक्त दोघांच्या बाबतीत. बीपी उतरवल्याने माणूस वाचतो याचा हा पहिला नि:संशय पुरावा.

हे सांगताना मला थोडी धास्तीही वाटते, कारण कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी सर्पगंधेची पावडर शोधायला निघेल. कृपा करून तसं करू नका. रेसरपिनने मन खचू शकतं, आणि पक्षाघात झालेल्या दर तिघांपैकी एकाला नैराश्य आधीच गाठतं. आज त्याहून कितीतरी सुरक्षित गोळ्या आहेत. भारतातून बॅगेत येणाऱ्या इतर पुड्यांबद्दलही सावध राहा. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली तेव्हा त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आयुर्वेदाला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण जे काही घेत असाल ते डॉक्टरांना दाखवून घ्या.

आता मोजण्याकडे येऊ. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

यंत्र दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटावरचं नको. अमेरिकेत डॉक्टरांच्या संघटनेच्या पुढाकाराने तपासून खात्री केलेल्या यंत्रांची यादी निघते. तिच्यात तुमचं मॉडेल आहे का, हे मुलांना बघायला सांगा. किंमत जास्त म्हणजे यंत्र अचूक असं नव्हे. पट्ट्याचं माप बघा. दंडाचा घेर टेपने मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या आकड्यांत तो बसतो का ते पाहा. २०२३ च्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा बांधला तर वरचं बीपी जवळजवळ २० अंकांनी फुगून दिसलं. तेवढ्यावर एखादी गोळी उगाच वाढली असती.

हात कोणता? पक्षाघाताने एक बाजू लुळी पडली असेल तर चांगल्या हातावर मोजा. लुळ्या पडलेल्या किंवा ताठरलेल्या हातावर आकडा चुकू शकतो. घरात मात्र उलटं होताना दिसतं. काकांना चांगल्या हातात चहाचा कप किंवा रिमोट धरायचा असतो, म्हणून पट्टा दुसऱ्या हातावर जातो. रिमोट ठेवायला सांगा, टीव्हीसुद्धा बंद करा. ज्याला एकाच हाताचा आधार आहे त्याला स्वतःच्या चांगल्या दंडावर पट्टा बांधता येत नाही, तेव्हा बांधायला दुसरं माणूस लागतं, नाहीतर हात आत सरकवता येईल असा गोल पट्टा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको, तंबाखू नको, व्यायाम नको. लघवीला जाऊन या, कारण नुसत्या तुंबलेल्या लघवीनेही बीपी चढतं. पाठीला आधार असलेल्या खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसा. दोन्ही पाय जमिनीवर, मांडी किंवा आढी नको. पट्टा उघड्या दंडावर, स्वेटरवर नाही. न्यू जर्सीच्या थंडीत ही सूचना कुणालाच आवडत नाही, पण मग खोली ऊबदार करा. हात टेबलावर, छातीच्या पातळीला टेकवलेला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०२४ मध्ये हे नीट तपासलं. हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा जवळजवळ ४ ने आणि बाजूला लोंबता ठेवला तर साडेसहाने जास्त येतो. आणि बोलायचं नाही. ही अट आपल्या घरांना सगळ्यांत जड जाते. पट्टा फुगत असतो आणि पलीकडून "अहो, किती आलं?" चालू असतं.

एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी. गोळी बदलली असेल तर, किंवा डॉक्टरांकडे जाण्याआधीचा आठवडा, रोज. घडी बसली की डॉक्टर सांगतील तितकंच. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर प्रत्येक वेळी आकडा वेगळा येतो, तेव्हा तीनदा मोजून सरासरी काढा. आणि दर तासाला मोजत बसू नका. आकडा बघून धडधड, धडधडीने आकडा वर, मग पुन्हा मोजणी, असं काकूंनी रात्री दोनपर्यंत चालवलेलं मी पाहिलं आहे.

लिहायला साधी वही पुरे. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी, आणि शेवटच्या रकान्यात काही विशेष असेल तर: काल लग्नात जेवलो, रात्री झोप नाही, गोळी चुकली. आवडते आकडे तेवढेच लिहायचे आणि वाईट आलेला खोडायचा, असं करू नका. १५२ आलं तर १५२ लिहा. माझ्याकडे येणारी सर्वांत निरुपयोगी वही ती, जिच्यात रोज १२०/८० असतं. डॉक्टर एका आकड्यावर नाही, सरासरीवर निर्णय घेतात. वहीबरोबर यंत्रही दवाखान्यात घेऊन या. आमच्या यंत्राशेजारी ते लावून बघता येतं.

बीपी ताब्यात ठेवण्याचं काम डॉक्टरपेक्षा आजूबाजूची माणसंच जास्त करतात, याचे अमेरिकेत दोन नमुने आहेत. उत्तर कॅलिफोर्नियात कैसर पर्मनेन्टे या संस्थेकडे बीपीचा विकार असलेल्या सभासदांचं बीपी २००१ मध्ये जेमतेम ४४ टक्क्यांच्या बाबतीत ताब्यात होतं. २००९ पर्यंत ते ८० टक्क्यांवर गेलं. नवं औषध काही शोधलं नव्हतं. बीपीच्या पेशंटची एक यादी केली, दोन औषधं एकाच गोळीत दिली आणि नुसतं बीपी मोजायला यायचे पैसे घेणं बंद केलं. दुसरा नमुना लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीयांच्या केशकर्तनालयांचा. डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी ५२ दुकानांतून ही चाचणी केली आणि २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. न्हाव्याने गिऱ्हाइकाला हटकायचं आणि औषधतज्ज्ञाने दुकानातच येऊन गोळ्या जुळवायच्या. सहा महिन्यांत वरचं बीपी सरासरी २७ अंकांनी उतरलं. ज्यांना न्हाव्याने फक्त डॉक्टरकडे जायचा सल्ला दिला, त्यांचं उतरलं ९ ने. न्यू जर्सीत आपली मंदिरं आहेत, मराठी मंडळं आहेत, गणपतीत शेकडो माणसं जमतात. अकरा प्रकारच्या मोदकांची स्पर्धा ठेवता येते तर एका कोपऱ्यात बीपीचं टेबलही ठेवता येईल, असं मला दरवर्षी वाटतं.

गोळ्यांचं बोलू. पहिला नियम, बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करायची नाही. आकडा चांगला आला तो गोळीमुळे आला. काही गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळी मारून वर जातं. गोळीने घोटे सुजले, कोरडा खोकला लागला, तर दवाखान्यात फोन करा. ॲम्लोडिपिनने पाय सुजतात, लिसिनोप्रिलने खोकला येतो, आणि दोन्हींना पर्याय आहेत. खोकला लागला म्हणून घरचं ज्येष्ठमध सुरू करण्याआधी मात्र थांबा. ज्येष्ठमध रोज घेतलं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. सर्दीच्या, नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांनीही बीपी चढतं. गुडघेदुखीसाठी अमेरिकेत दुकानात सहज मिळणारी आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन ही औषधंही बीपी वाढवतात, आणि ॲस्पिरिनसारखी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोकाही वाढवतात. दुखण्यावर काय चालेल ते फार्मसिस्टला विचारा. अमेरिकेत फार्मसिस्टशी बोलायला पैसे पडत नाहीत, आणि आपले लोक त्याचा फायदा फार कमी घेतात.

अमेरिकेतल्या औषधांच्या बाटलीला लहान मुलांना उघडता येऊ नये असं झाकण असतं. ते दाबून फिरवावं लागतं, एका हाताने उघडत नाही. उजवा हात गेलेल्या माणसाने सकाळची गोळी चुकवली, तर त्याला आपण विसरभोळा म्हणतो. खरं कारण झाकण असतं. फार्मसीत सोपं झाकण मागा, ते देतात. आपल्याकडच्या गोळ्यांच्या पट्ट्यांची गंमत वेगळी. कात्रीने चार-चार गोळ्यांचे तुकडे कापले की नाव एका तुकड्यावर आणि तारीख दुसऱ्यावर जाते. सात कप्प्यांची डबी आणा आणि रविवारी एकाच माणसाने ती भरावी. गिळायला त्रास होत असेल तर गोळी कुटून पाण्यात घालण्याआधी विचारा. दिवसभर हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर सगळा डोस एकदम पोटात जातो.

भारतातून मुलांकडे येणाऱ्यांनी निघण्याआधी महिनाभर तयारी करावी. भारतात सिल्निडिपिन खूप लिहून देतात. अमेरिकेत ते मंजूरच नाही, कोणत्याही फार्मसीत मिळणार नाही. टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन मिळतात, पण भारतातल्या चिठ्ठीवर नाही. तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. गोळ्या साधारणपणे तीन महिन्यांपुरत्या आणता येतात आणि मुक्काम असतो सहा महिन्यांचा. तेव्हा डॉक्टरांकडून एक पत्र घ्या. त्यात कंपनीचं नव्हे, औषधाचं मूळ नाव, डोस, पक्षाघाताची तारीख आणि तो गाठीचा होता की रक्तस्रावाचा, हे सगळं असावं. गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. पाहुण्यांसाठीचा विमा बहुधा जुन्या आजारावरच्या खर्चाला नकार देतो, तोही वाचून घ्या. आणि झटका नुकताच येऊन गेला असेल तर विमानात बसण्याआधी मेंदूच्या डॉक्टरांना विचारा. नातवाच्या बारशाची तारीख त्यांना सांगून त्यांच्यावर दडपण आणू नका.

मीठ. चहाच्या एका चमचाभर मिठात सुमारे २,३०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि निरोगी माणसाचीही दिवसाची मर्यादा तेवढीच. बीपीवाल्याने १,५०० च्या दिशेने जावं. अमेरिकी माणसाच्या पोटातलं बहुतेक सोडियम पाकिटातून आणि हॉटेलातून येतं. आपल्या घरांत तिथे ते दोन्हीकडून येतं. दुपारी ब्रेड आणि डब्यातलं सूप, रात्री पोळीभाजीबरोबर लोणचं, पापड आणि ताटात वेगळं वाढलेलं मीठ. ब्रेड खारट लागत नाही, पण त्यात मीठ असतं. अमेरिकी पाकिटावर सोडियमपुढे टक्का छापलेला असतो. ५ किंवा कमी म्हणजे चालेल, २० किंवा जास्त म्हणजे परत ठेवा. आणि तो टक्का एका वाढपाचा आहे, पाकिटाचा नाही, हेही बघा. फ्रोझन पराठ्याच्या पाकिटावर हे मुद्दाम वाचा.

सैंधव मीठ चालतं, हा समज सोडून द्या. उपवासाचं झालं तरी ते सोडियम क्लोराइडच. पापडखार, खायचा सोडा, पोटात गॅस झाला की पाण्यात फसफसवून घेतो ती पावडर, या सगळ्यांत सोडियम आहे. कोकमाच्या आगळात मीठ मुरवलेलं असतं. लिंबू, लसूण, ओलं खोबरं, दाण्याचं कूट, कोथिंबीर, गोडा मसाला यांना मात्र कुणाची ना नाही. काही आठवडे नेटाने काढले की जिभेला कमी मिठाची सवय होते. सगळ्या घराचं मीठ कमी करा. एकट्या काकांची अळणी आमटी वेगळ्या वाटीत काढली की ती वाटी तशीच राहते.

कमी सोडियमच्या मिठाबद्दल लोक हमखास विचारतात. चीनमध्ये ६०० खेड्यांत, जवळजवळ २१ हजार लोकांवर पाच वर्षं चाचणी झाली. त्यांतल्या बहुतेकांना पक्षाघात होऊन गेलेला होता. २०२१ मध्ये निकाल आला: पाव भाग पोटॅशियम क्लोराइड घातलेल्या मिठाने पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. चांगली गोष्ट आहे. पण मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा लिसिनोप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल, तर पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. रक्त तपासल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ आणू नका.

बीपी उतरायला लागलं की दुसरी बाजू सांभाळायची. पहाटे उठून एकदम उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस पडतो. पक्षाघाताने तोल आधीच गेलेला असतो, त्यात रक्त पातळ ठेवणारी गोळी. आधी पलंगाच्या कडेला बसा, मग उठा. उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी मोजून वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर लिहा आणि कळवा. गोळी मनाने बंद करू नका. थंडीत बीपी थोडं चढतं, हेही ध्यानात असू द्या. दारातला बर्फ फावड्याने काढायला पक्षाघात झालेल्या माणसाने अजिबात जाऊ नये, मुलगा कितीही उशिरा येणार असला तरी. चालायला मॉलमध्ये जा. आणि घोरता घोरता श्वास अडकत असेल तर झोपेची तपासणी मागा. पक्षाघातानंतर हा त्रास खूप जणांना असतो, आणि त्यामुळे गोळ्या घेऊनही बीपी हटत नाही.

शेवटी, आकडा अचानक १८०/१२० च्या वर आला तर काय करायचं? बाकी काही त्रास नसेल तर शांत बसून पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून द्यायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. ती देऊ नका. बीपी एकदम कोसळून त्यानेच पक्षाघात होऊ शकतो, आणि ही पद्धत थांबवा असं डॉक्टर मंडळी १९९६ पासून लिहीत आली आहेत.

आणि तोंड वाकडं झालं, एक हात उचलला जाईना, बोलणं अडखळलं, अचानक दिसेनासं झालं किंवा तोल गेला, तर बीपी मोजत बसू नका. आकडा कितीही असो. पाणी पाजू नका, ॲस्पिरिन देऊ नका, कारण झटका रक्तस्रावाचा असू शकतो. घड्याळ बघा आणि माणूस शेवटचं धडधाकट कधी दिसलं ती वेळ लिहून ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं. पहिला फोन मुलाच्या ऑफिसात करायचा नाही, अमेरिकेत ९११ ला आणि महाराष्ट्रात १०८ ला करायचा. इंग्रजी नीट येत नसेल तर 'स्ट्रोक' हा एक शब्द आणि घराचा पत्ता एवढं पुरतं. पण मुलाच्या अमेरिकेतल्या घराचा पत्ता पुष्कळ आईवडिलांना पाठ नसतो. तो आज मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजच्या दारावर लावा, आणि त्याच्याखाली चालू असलेल्या गोळ्यांची नावं लिहा.